तळ्यावरची डबल बेल

ड्रायव्हरला मासेमारीची हौस कधीच नव्हती. पाण्याकडे तोंड करून तासन्‌तास बसणाऱ्यांना घरात कोणी विचारत नसणार, असं त्याचं ठाम मत होतं. तरी त्या रविवारी सकाळी तो मास्तरच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मलाही शिकव की रे कार्प धरायला." म्हणताना त्याचे कान लाल झाले, कारण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

मास्तर म्हणजे त्याचा कंडक्टर. अख्खा डेपो त्याला मास्तरच म्हणायचा. नोकरीभर दोघं एकाच बसवर होते, हा पुढे आणि तो मागे. मास्तरने दोरी ओढून एक बेल दिली की हा थांबायचा, डबल बेल दिली की निघायचा. दोघांचं निम्मं आयुष्य त्या बेलवर बोलण्यात गेलं आणि त्यात एकदाही गैरसमज झाला नाही. बायकोबद्दल त्याला असं छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आता दोघंही रिटायर झाले होते. मास्तर तळ्यावर जायचा आणि ड्रायव्हर घरात बायकोच्या पायात पायात यायचा.

हे खोटं त्याला बोलायला लावलं होतं मास्तरच्या लेकीने.

"काका, बाबांना हल्ली ऐकू येत नाही," ती म्हणाली होती. "टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजाऱ्यांनी आपला लावायचंच सोडलंय. कानाचं मशीन आणून दिलं, ते मोज्यांच्या कप्प्यात लोळतंय. आणि कबूल करतील तर शपथ! म्हणे, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. परवा तळ्याच्या वाटेवर कारखान्याच्या फाटकाशी ट्रक मागे येत होता, हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि हे आपले निवांत चाललेत. वॉचमनने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही एकदोन रविवार सोबत जा. बघा, आणि खरं काय ते मला सांगा. त्यांना एकट्याला जमणार नसेल तर मी त्या काठ्या विकून टाकते. मग ओरडू देत नाहीतर उपाशी बसू देत."

बायको गेल्यापासून त्या तळ्यानेच मास्तरला उभं ठेवलं होतं. आता ते तळं त्याच्याकडे राहणार की जाणार, हे ड्रायव्हरच्या एका शब्दावर येऊन बसलं होतं.

"तुला शिकायचंय?" त्या रविवारी दारात मास्तरने त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत विचारलं. "सिग्नलला तुझा जीव वरखाली होतो. कार्पपुढे काय होणार तुझं?" पण तो मनातून खूश झाला होता. त्याने आमिषाच्या कणकेचा डबा ड्रायव्हरच्या हातात कोंबला आणि मोठ्या आवाजात शिकवत शिकवत वाट धरली. कारखान्याच्या फाटकाशी ड्रायव्हर गपचूप त्याच्या उजव्या बाजूला आला.

तळं लहानसंच होतं, कडेला झाडं आणि पलीकडे गोदामांच्या भिंती. मास्तरने पिशवीतून उकडलेल्या मक्याचे दाणे काढले आणि मूठमूठ करून समोरच्या वाळक्या फांदीपाशी फेकले.

"रोज संध्याकाळी इथेच टाकून जातो," तो म्हणाला. "कार्प म्हणजे आपले पासवाले प्रवासी. रोज एकाच जागी बस मिळाली की बरोबर तिथेच येऊन उभे राहतात."

मग त्याने गळ दाखवला. ड्रायव्हरने दाणा घेऊन सरळ गळाच्या टोकाला टोचला, तेव्हा मास्तरने कपाळावर हात मारला. दाणा गळाला लावायचाच नाही. गळाच्या खाली केसाएवढा दोरा लोंबतो, त्यात ओवायचा. कार्प संशयी असतो. दाणा तोंडात घेऊन चाखतो, मनासारखा नसला की थुंकतो, आणि थुंकताना मोकळा गळ त्याच्या ओठात बसतो. हे ऐकून ड्रायव्हरला पहिल्यांदा त्या प्रकारात रस वाटला. माशाला भोळं समजून चालत नाही, ही गोष्ट त्याला पटली.

पटलं, पण जमलं काहीच नाही. पहिल्यांदा गळ टाकला तो झाडाला लागला. दुसऱ्यांदा त्याच्याच टोपीला. काठीच्या टोकाला एक इवलीशी बेल होती, मासा दोऱ्याशी खेळला की वाजणारी. दुपारी ती 'टिंग टिंग' वाजली आणि ड्रायव्हरचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे काठीचा टेकू होता. टेकू मोडला, काठी आडवी, मासा पसार.

"गाडी सुटली!" मास्तर हसता हसता आडवा झाला.

ड्रायव्हरने मात्र एक गोष्ट टिपली. मास्तरला स्वतःच्या काठीवरचा मासा दर वेळी कळत होता. बेल वाजायच्या आतच त्याचा हात रिळावर असायचा. याला तर सगळं ऐकू येतंय, लेक उगाच घाबरली, असं ठरवून त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला.

पुढच्या रविवारी ड्रायव्हरने आपल्या दोऱ्याचा असा काही गुंता केला की बघणाऱ्याला वाटावं, स्वेटर विणायला घेतलाय. मास्तर उठून आला, आपल्या काठीकडे पाठ करून उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी गाठी सोडवू लागला. इतक्यात मास्तरच्या काठीवरची बेल वाजली. टिंग टिंग. ड्रायव्हरचा पाय हलला, डबा कलंडला आणि कणीक पायाखाली गेली. मास्तर काही हलला नाही. याला माहीत असेल काय करायचं ते, म्हणून ड्रायव्हर डबा उचलायला वाकला. बेल पुन्हा वाजली, चांगली खणखणली, आणि मास्तरची जुनी बांबूची काठी सरसर करत तळ्यात गेली.

"मास्तर! काठी!"

मास्तर त्याच्या हातवाऱ्यांमुळे वळला. "अरे, पण बेल कुठे वाजली?"

"वाजली. डबल वाजली. दोनदा वाजली."

मास्तर हातातला गुंता बघत म्हणाला, "मी दोरा बोटावर धरून बसतो रे. बोटाला कळतं. बेल मला पावसाळ्याआधीपासून ऐकू येत नाही." एक गाठ सोडवून म्हणाला, "लेकीने पाठवलंय ना तुला? मलाही शिकव म्हणालास, तेव्हाच तुझे कान लाल झाले होते."

ड्रायव्हरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात समोर तळ्याच्या मध्यावर बांबूची काठी वर आली आणि खालून कोणी माणूस ती धरून पोहत असावा तशी हळूहळू निघाली. मासा अजून तिच्या गळाला होता.

ड्रायव्हरने गुंत्यातून सुटलेला आपला दोरा घेतला, गळ भिरकावला आणि तो झाडात गेला. पुन्हा भिरकावला, कमी पडला. तिसऱ्यांदा तो बरोबर काठीच्या पलीकडे पडला. ओढत आणला तसा त्या काठीच्या रिळात जाऊन अडकला. नवशिक्याने आयुष्यात पहिली धरलेली वस्तू म्हणजे मासेमारीची काठी! मास्तर गुडघाभर पाण्यात शिरला, काठी हाती आली तशी ती त्याने ड्रायव्हरच्या हातात दिली.

"घे. तू धरलास, तूच काढ."

"मला नाही जमणार! कधी ओढू, कधी सोडू?"

मास्तरने कणकेचा रिकामा डबा उचलला आणि त्यावर झाकण आपटलं. टण्. ड्रायव्हरचे हात जागच्या जागी थांबले. मासा पळाला, दोरा भरभर गेला, त्याने जाऊ दिला. मग टण् टण्, आणि त्याने रीळ फिरवायला सुरुवात केली. टण्, थांब. टण् टण्, चल. दोन रविवार ज्याला साधी गाठ मारता येत नव्हती, त्याचे हात आता लोण्यासारखे चालत होते. विचार करायचा प्रश्नच नव्हता, मागे मास्तर होता.

शेवटी मास्तरने जाळी खाली घातली आणि मासा वर आला. उशीएवढा होता, पितळी रंगाचा, जाड ओठांचा, आणि चेहऱ्यावर भयंकर नाराजी. मास्तरने ओल्या पोत्यावर ठेवून, हात भिजवून, गळ अलगद काढला. ड्रायव्हरने त्याला हात लावला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. मग मास्तरने मासा परत पाण्यात नेला.

"सोडतोस? एवढं करून?"

"प्रवासी आहे. स्टॉप आला की उतरू द्यायचा."

दोघं परत निघाले. मास्तरच्या घराशी लेक दारातच उभी होती. बापाच्या भिजलेल्या पँटकडे पाहून तिने ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "काका, खरं सांगा."

मास्तर ओलं पोतं छातीशी धरून अंगणात उभा होता. शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते, पण तो लेकीचा चेहरा वाचत होता.

"ऐकू येत नाही त्याला," ड्रायव्हर म्हणाला. "एकट्याला जमणार नाही."

तिने खाली मान घातली. "मग काठ्या..."

"काठ्यांना हात लावायचा नाही!" ड्रायव्हर एवढ्या जोरात म्हणाला की शेजारची खिडकी उघडली. "अगं, कंडक्टरने एकट्याने गाडी नेलेली तू कधी पाहिलीस का? दर रविवारी मी येणार. फाटकाशी मी बघेन, बेल मी ऐकेन. त्याने फक्त मासे बघायचे. आणि ते मशीन मोज्यांतून काढ, ते मी त्याच्या कानात घालतो, कसं घालत नाही ते बघू."

लेक रडता रडता हसली. पण मास्तरला ते रडणंच दिसलं आणि त्याचा चेहरा पडला. काय ठरलं, ते विचारायचंही त्याला धैर्य होईना. ड्रायव्हर त्याच्याजवळ गेला. काही न बोलता त्याने मास्तरच्या खांद्यावर बोटांनी टकटक केलं. दोनदा.

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ड्रायव्हरने बेल दिली होती ती ही पहिलीच. त्याने पोत्याच्या टोकाने डोळे पुसले, त्यामुळे सगळं तोंड माशाच्या वासाने भरलं.

"पुढच्या रविवारी कणीक तू मळून आण," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "आणि घट्ट मळ. आजची तू पायाखाली घेतलीस."