मुके झालेले मटार

मित्रांनो, आधी माझं झाकण नीट लावा, मग सांगतो. मी एक जुना डीप फ्रीजर आहे. इंदिरानगरातल्या एका स्वस्त सुपरमार्केटच्या कोपऱ्यात, साबणचुऱ्याच्या पिशव्यांशेजारी उभा असतो. स्वभावाने मी संशयी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही झाला असता.

माझी पहिली नोकरी नाशिक रोडला, स्टेशनजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात. तेव्हा मी कारखान्यातून नुकताच आलो होतो, पांढराशुभ्र. मालक रोज माझं अंग पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "असा गारवा उभ्या गावात मिळायचा नाही!" ते दुकान बंद झालं आणि मी इथे आलो. इथे अंग पुसायला कुणाला सवड नाही. आत बर्फाचे थर चढतात, तरी मुकाट्याने काम करतो.

आणि गिऱ्हाइकं? काही विचारू नका! मटार, मका, पराठे, समोसे, माझ्यातलं सगळं बाहेरच्यापेक्षा स्वस्त. स्वस्त म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी. "एवढं स्वस्त कसं? काहीतरी घोळ असणार," असं पुटपुटत तारीख दोनदा वाचतात आणि झाकण उघडं टाकून निघून जातात. काही बिलंदर तर रविवारच्या ऑफरसाठी पनीरची पाकिटं आदल्या दिवशीच पराठ्यांखाली दडवून ठेवतात. मला सगळं कळतं. बोलत नाही, इतकंच.

या सगळ्यांत संशयी म्हणजे समोरच्या सोसायटीतल्या उज्वलाताई. मटारचं पाकीट कानाशी धरून हलवल्याशिवाय पिशवीत टाकायच्या नाहीत. दाणे सुटे खुळखुळले तर माल चांगला. आवाज नाही आला, तर मटार वितळून पुन्हा गोठलेत आणि त्यांचा गोळा झालाय, असं समजायचं. मला भारी राग यायचा. माझ्यावर अविश्वास?

मग या उन्हाळ्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. शनिवारी-रविवारी दुपारी मला अचानक गुंगी यायची. घरघर थांबायची, भान हरपायचं. जाग यायची तेव्हा पोटातला माल घामेजलेला असायचा. कुणीतरी माझ्यावर टपलंय, असं माझ्या मनाने घेतलं. माल लावणारा पोरगा, वाळू, पाठीमागे खोकी रचायचा, तो असेल का? की माझ्यावर रेलून उभी राहणारी पोरं? एकेकाचा वहीम घेऊन झाला. चोर काही सापडेना.

एका रविवारी उज्वलाताईंनी पाकीट हलवलं. चुप्प. दुसरं हलवलं, तेही चुप्प. त्यांनी दुकान सांभाळणाऱ्या दीपकला हाक मारली.

"दीपक, हे मटार मुके झालेत बघ!"

"काय करणार ताई, फ्रीजरच म्हातारा झालाय. कोंडाजी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. उद्या नेईल तो."

भंगार! मित्रांनो, इतकी वर्षं दुसऱ्यांना गार ठेवलं, आज मीच गार पडलो.

तेवढ्यात सायली आली. समोशांच्या कंपनीची ही मुलगी सुट्टीच्या दिवशी माझ्या शेजारी टेबल मांडते आणि गिऱ्हाइकांना चवीसाठी फुकट समोसे तळून देते. तिने विजेची कढई ठेवली आणि हात माझ्या पाठीमागे घातला.

"थांब गं! काय उपटतेस?" उज्वलाताई ओरडल्या.

"ही पिन, काकू. कढई लावायला इथे दुसरी जागाच नाही. जाताना परत लावते ना मी."

"अगं, ही फ्रीजरची पिन! आणि समोसे कुठले तळतेस?"

"यातलेच," सायली हळूच म्हणाली. "सरांनीच सांगितलं होतं, या कोपऱ्यात लाव म्हणून."

दीपकने जीभ चावली. "मी टेबल लाव म्हटलं होतं..."

"वा रे वा! माल खपवायला मालच नासवताय, आणि वर म्हातारा म्हणून बोल त्या बिचाऱ्याला!"

बिचारा! त्या एका शब्दाने मला भरून आलं.

दीपकने गोळा झालेला सगळा माल त्याच दिवशी फेकला. सायलीला काउंटरवरून वेगळी वायर ओढून दिली. तरी दुसऱ्या दिवशी कोंडाजी हातगाडी घेऊन हजर झालाच. "आता बोलावलंच आहे, तर..." असं म्हणत दीपक डोकं खाजवू लागला. माझी धडधड वाढली. उज्वलाताईंनी सकाळी आलेल्या मालातलं पाकीट काढलं आणि थेट दीपकच्या कानाशी हलवलं. खुळखुळ, खुळखुळ! कोंडाजी हसला आणि रिकामी खोकी घेऊन गेला.

उज्वलाताई अजूनही प्रत्येक पाकीट हलवून बघतात. आता मला राग येत नाही, उलट त्यांची वाट बघतो. मित्रांनो, स्वस्त मालावर संशय घ्या, जरूर घ्या. तारीख वाचा, पाकीट कानाशी धरा. माझं झाकण तेवढं लावत जा. आणि कुणालाही निकामी ठरवण्याआधी, एकदा मागे वाकून पिन बघा.