शर्ट फैझानचा होता

आफरानं बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, तशी झिजलेली अक्षरं तेवढ्यापुरती काळी होऊन वर आली. ती वाळायच्या आत तिनं घाईनं फोटो काढला. काठी टेकून उभ्या असलेल्या नजमुद्दीनचाचांनी मान वाकवून दगड ओळखला.

"हा तांडेल, होडीवरचा म्होरक्या. हजवरनं सोताचं कफन घेऊन आला. बायकोला म्हणाला, जपून ठेव. आन् तीच आधी गेली, त्याच कापडात."

दिघीच्या अलीकडच्या त्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. आफराला जमातीनं परवानगी दिली, ती कुवेत आणि केप टाउनच्या नातेवाइकांच्या हट्टापायी. त्यांना आपापल्या पूर्वजांच्या दगडांमागच्या गोष्टी लिहून हव्या होत्या. लांब राहणाऱ्यांना मेलेल्यांचा पुळका जरा जास्तच येतो. आणि गोष्टी विचारायच्या तर चाचांनाच, कारण गावातल्या पुरुषांच्या मय्यतीला आंघोळ तेच घालत आले होते.

फाटकाजवळच्या नव्या संगमरवरापाशी ती थांबली. ही गोष्ट तिला पाठ होती. तिचा भाऊ फैझान, गल्फचा व्हिसा येईपर्यंत वेळ जावा म्हणून कोळीवाड्यातल्या स्वराजबरोबर होडीवर जायचा. वादळात होडी उलटली. दोघांपैकी एकच देह किनाऱ्याला लागला, तोही माशांनी चेहरा खाल्लेला. अंगातला निळा शर्ट फैझानचा होता. अम्मीनं तो ओळखला आणि तिथंच वाळूत कोसळली. स्वराज मिळालाच नाही. तेव्हापासून अम्मी दर जुम्मेरातीला, गुरुवारी, भिंतीबाहेर उभी राहून फातेहा पढते आणि घरी येऊन नीट जेवते.

आफराला लिहायला एखादं वाक्य हवं होतं, इतकंच.

"चाचा, फैझानला तुम्हीच आंघोळ घातलीत ना? त्याचं काहीतरी सांगा."

चाचा काठीनं माती उकरत राहिले.

"फुडचा दगड घे."

"सांगा ना, चाचा."

"आपल्यातला न्हवता तो." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "सुन्नत झालेली न्हवती, पोरी. वासानं कुणी जवळ येत न्हवतं, आत मी एकलाच व्हतो. भायेर तुझी अम्मी रडत व्हती, माझा फैझान, माझा फैझान. मी कफन गुंडाळलं. कुणी इचारलं न्हाय. आज तू इचारलंस, आन् कबरीपाशी उभं राहून खोटं बोलवत न्हाय."

आफराला घरामागची कपडे वाळत घालायची दोरी आठवली. फैझानच्या लुंगीशेजारी स्वराजचा टीशर्ट हमखास असायचा. दोघं एकमेकांचे कपडे बिनदिक्कत घालायचे, आणि अम्मी दोघांनाही शिव्या द्यायची. हे तिला माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी मात्र ते एकालाही आठवू नये, याचा तिला भयंकर राग आला, आणि त्या विसरलेल्यांत तीही होतीच.

तिला पहिली आठवली ती जनीमावशी, स्वराजची आई. मुलाचे दिवस घालायला तिनं साफ नकार दिला होता. मेलाच नाही तर दिवस कसले, म्हणायची. आणि तिचा मुलगा इथं परक्या नावाखाली पडला होता. आफरा तडक निघाली.

दिघीच्या जेट्टीवर ऊन चढलं होतं. जनी पाटीत बोंबील नीट लावत होती. आफरा तिच्यापुढं उकिडवी बसली आणि चाचा जे बोलले ते सगळं तिनं सांगून टाकलं. जनीचे हात थांबले नाहीत.

"म्हायती हाय," ती म्हणाली.

"काय माहिती आहे?"

"पोलिसांनी पयलं मलाच बोलावलं व्हतं. मी पायाचा आंगठा बघितला. मी जल्म दिलेला, मला न्हाय वळखायचा?" तिनं एक बोंबील उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "म्हनलं, माझा न्हाय. व्हय म्हनले असते तर तिथंच मेला असता गो तो. मंग तुझी आय आली. तिनं शर्ट बघितला."

"मग तू अजून त्याची…"

"व्हय. रोज त्याच्या वाटचा भात टाकते. कळतंय सगळं, तरी टाकते."

"मी आज अम्मीला सांगते, मावशी. तो दगड बदलून घेऊ. तुझा मुलगा तुला मिळायला हवा."

जनीनं पहिल्यांदा मान वर केली.

"न्हाय सांगायचं. तिचं पोर निजलंय, निजू दे. सांगितलंस तर उद्यापास्नं ती बी वाट बघत बसंल. लई वंगाळ असतं गो वाट बघनं. दुश्मनावर बी यायला नको."

आगरदांड्याहून आलेली फेरीबोट धक्क्याला लागली. आधी मोटारसायकली उतरल्या, मागून माणसं. गर्दीत कुणीतरी फैझानएवढा उंच, दाढीवाला, खांद्यावर बॅग टाकलेला दिसला आणि आफरा उठून उभी राहिली. तो वळला. भलताच कुणी होता. मग ती त्याच्या मागच्याकडं बघू लागली, आणि त्याच्याही मागच्याकडं.

जनीनं पाटी बाजूला ओढली आणि तिला बसायला जागा केली.