पाप्यांना न उघडणारं दार

त्या दिवशी दारासमोर एवढी गर्दी होती की दारच दिसत नव्हतं. दिसत होती ती एका जाडजूड कंत्राटदाराची घामेजलेली पाठ. दोन्ही हातांनी पितळी हँडल धरून तो असा मागे रेलला होता, जणू विहिरीत पडलेली म्हैस वर काढतोय. दार काही हलेना.

"पापी आहे," कुणीतरी हळूच म्हणालं. हळूच म्हणजे अख्ख्या गर्दीला ऐकू जाईल एवढंच.

आतून लाउडस्पीकरवर खर्जातला आवाज आला. "ओढ, बाळा, ओढ! जन्मभर दुसरं केलंस काय? खुर्चीची ओढ, जिभेची ओढ, शेजाऱ्याच्या जागेची ओढ! जोवर ओढ आहे, तोवर दार नाही!"

"वाऽऽ!" गर्दी म्हणाली.

"आता सोड हँडल. खांदे सैल. हनुवटी थोडी खाली. अजून थोडी… बास. हलू नकोस. श्वास रोख. आणि टेकव माथा!"

कंत्राटदारानं दारावर माथा टेकवला. दार उघडलं आणि तो माथ्यासकट आत जाऊन पडला. बाहेर जो जयजयकार झाला, त्यानं समोरच्या वायरवरची कबुतरं उडाली.

हे आमचे दारबाबा. बाजारामागं एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे, तिथं ते काही महिन्यांपूर्वी प्रकटले. दाढी छातीपर्यंत, चष्मा काळा, आणि तत्त्वज्ञान एका शब्दाचं. "द म्हणजे दया, र म्हणजे रक्षण, आणि मधला काना म्हणजे तू. एकटा, उभा!" हे ऐकून भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आयुष्यभर काना काढला, पण तो आपणच आहोत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दार कुणालाही पहिल्या झटक्यात उघडत नसे. अपवाद एकच, चहावाला. त्याच्या एका हातात किटली, दुसऱ्यात कप, त्यामुळं तो दाराकडं पाठ करून बुड टेकवायचा आणि सुळकन आत. बाबांनी त्याला 'जन्मसिद्ध' ही पदवी दिली. लगेच दोन निवृत्त हेडमास्तर उलटे चालत रांगेत उभे राहिले. बाबांना स्पीकरवरून खुलासा करावा लागला, "पार्श्वभागाची भक्ती फार अवघड आहे. ती ज्याची त्यालाच झेपते."

मी हे सगळं बघत उभा होतो, कारण त्या रांगेत माझा भाचा होता.

भाचा शाळेत खेळाचा शिक्षक. रोज व्यायाम, दंड मांडीएवढे, मन लोण्यासारखं. सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी जनावरांची डॉक्टर, हुशार, दोघांचं छान जमलेलं. पण मुलीचे वडील दारबाबांचे परमभक्त निघाले. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गावाला चष्मा लावणारा माणूस, पण स्वतःचा नंबर कधी तपासला नव्हता. म्हणाले, "लग्नाआधी मुलाला एकदा दारासमोर उभा करू. नुसती फॉर्मॅलिटी हो!"

पैलवानाची थोरली बहीणही आली होती. ती दारांवर पीएचडी करते. थट्टा नाही, खरंच. विषयाचं नाव लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच की रोजच्या वापरातल्या वस्तूंची रचना माणसाला कशी वागायला लावते. दारं, नळ, बटणं, शेगड्या. घरात तिला 'दारवाली' म्हणतात. माझी बहीण, म्हणजे तिची आई, पाहुण्यांना सांगते, "मुलगी संशोधन करते," आणि कशावर ते विचारायच्या आत चहा ठेवायला पळते. दारवाली समोरच्या बाकावर शेंगदाणे खात बसली होती आणि दाराकडं असं बघत होती, जसं दुसरं कुणी सिनेमाकडं बघेल.

पैलवानाचा नंबर लागला. त्यानं हँडल धरलं.

"ओढ, बाळा, ओढ!" बाबा गरजले. "जन्मभर…"

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. तो खेळाचा शिक्षक. मोठ्यानं हुकूम आला की पाळायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं ओढलं.

कर्रर्र! दार जागच्या जागी राहिलं. हँडल मात्र चारही स्क्रूसकट उपटून हातात आलं आणि पैलवान हँडल घेऊन मागच्या मागं उडाला, तो थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीवर. खुर्ची मोडली. सासऱ्यांचा चष्मा पैलवानाच्या खाली गेला आणि पुन्हा चष्मा म्हणण्यासारखा राहिला नाही.

"दार मोडलं!" सासरे किंचाळले. "बाबांचं दार मोडलं यानं!"

"काका, ते म्हणाले ओढ…"

"मला काका म्हणू नकोस! लग्न मोडलं!"

गर्दी इतकी हादरली होती की पुढची गंमत कुणाच्या नजरेत भरलीच नाही. रांगेतल्या पुढच्या बाईंना कळेना की आता धरायचं काय. त्यांनी नुसता हात लावला, दार उघडलं. मागचे गेले, उघडलं. त्यामागून तो कुकर दुरुस्तीवाला आला, ज्यानं अर्ध्या गल्लीचे कुकर नेलेत आणि एकाचीही शिट्टी परत ऐकू आलेली नाही. त्यानं एक बोट लावलं. दार उघडलं.

"दर्शन बंद!" आतून बाबा ओरडले, या खेपेला खर्ज विसरून. "बंद म्हणतो ना! बाहेर व्हा!"

बाकावर दारवालीला शेंगदाण्याचा ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

"मामा," ती म्हणाली, "बघितलंत? हँडल गेलं आणि गावातलं पाप संपलं."

"म्हणजे?"

"हे दार आत ढकलायचंय. पण त्याला लावलंय ओढायचं हँडल. हाताला असलं हँडल दिसलं की हात ओढणारच, त्यात त्याची काय चूक? हँडल म्हणतं ओढ, दार म्हणतं ढकल. भांडण त्या दोघांचं, आणि पापी ठरतो तिसराच."

"आणि माथा टेकवल्यावर?"

"माथा टेकवणं म्हणजे डोक्यानं ढकलणंच की! चहावाला बुडानं ढकलतो, एवढाच फरक."

मला हसू आवरेना. सासऱ्यांना मात्र आवरलं. तिनं हेच त्यांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "दारावर पीएचडी करतेस आणि दाराचा महिमा कळत नाही? फी परत माग!" दुसऱ्या दिवशी बाबांनी हँडल परत बसवलं, दुप्पट लांब स्क्रू लावून. गावातलं पाप पूर्ववत झालं.

पैलवान जेवेना. लोण्यासारखं मन, त्याला खरंच वाटायला लागलं की आपण पापी आहोत. "मामा, लहानपणी मी शेजारच्यांच्या मांजराला मिशी काढली होती. त्याचं असेल का हो?"

"अरे, मांजराला आधीच मिशी असते."

"तेच ना! वर आणखी काढली."

शेवटी अंगठी परत द्यायला आम्ही मुलीच्या घरी गेलो. मी, माझी बहीण आणि दारवाली. पैलवान खाली स्कूटरवर बसून राहिला. वर जाऊन बघतो तर सोफ्यावर साक्षात दारबाबा! मोडलेल्या लग्नामुळं घर अशुद्ध झालं होतं, ते शुद्ध करायला आले होते. जाता जाता नवं स्थळही सुचवणार होते, त्या कंत्राटदाराच्या मुलाचं. मुलगी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. तिचा चेहरा असा, की एखाद्या बैलानं बघितला असता तर मुकाट्यानं इंजेक्शन घेतलं असतं.

"अंगठी ठेवा तिथं," सासरे टेबलाकडं बोट दाखवून म्हणाले.

तेवढ्यात बाबा उठले. तीन ग्लास सरबत झालं होतं. "जरा… शुद्ध होऊन येतो."

सासऱ्यांनी नुकतंच नवं बाथरूम करून घेतलं होतं. दार सताड उघडं होतं. बाबा आत गेले आणि सासूबाईंनी अदबीनं बाहेरून दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं आतून खडखड ऐकू आली. मग धडधड. मग धप्प.

"बाबा शुद्धी करतायत," सासरे हात जोडून म्हणाले.

"दार उघडा!" आतून आवाज आला.

"उघडंच आहे, बाबा! कडी लावलेली नाही!"

"ओढतोय! उघडत नाही!"

"ढकला मग!"

"ढकललं! नाही उघडत!"

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. ज्या महात्म्याच्या शब्दानं दारं उघडतात, त्यालाच दार नाकारतंय! ते दाराकडं धावले, पण मुलगी आडवी आली. "थांबा, पप्पा. हात लावू नका. आपण शास्त्राप्रमाणं करू." मग तिनं दारवालीकडं बघितलं. दारवालीचे डोळे चमकले. ती दाराला तोंड लावून म्हणाली,

"बाबा, ओढ सोडा."

"सोडली!"

"माथा टेकवा."

ठक्.

"जोरात. अहंकार मोठा असला की वेळ लागतो."

ठक्! ठक्! "आई गं!"

"नाही उघडत? मग पाप आठवा, बाबा. एखादं राहिलं असेल."

आत भिंत चाचपल्याचा आवाज आला. मग नळ सुरू झाल्याचा आवाज, कारण अंधारात बाबांचा हात दिव्याऐवजी भलत्याच बटणावर पडला होता. मग किंकाळी. शॉवर थंड पाण्याचा होता.

"सांगतो! सांगतो! ते दार ढकलायचंच आहे! मला पहिल्यापासून माहितीय! बाहेर काढा हो मला!"

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" मुलीनं विचारलं.

"माझाच होता तो स्टुडिओ! मीच बसवलं ते हँडल, रुबाबदार दिसतं म्हणून! गिऱ्हाइकं यायची, ओढायची, बंद आहे म्हणून निघून जायची! स्टुडिओ बुडाला! शेवटच्या दिवशी एका आजीला दारातच चक्कर आली, डोकं दारावर आपटलं आणि ती आत आली. शुद्धीवर येऊन म्हणाली, 'देवा, तूच उघडलंस!' आता तिला नाही कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी ती दहा जणांना घेऊन आली! कुणी ओळखू नये म्हणून मी फोटोसाठी ठेवलेली दाढी आणि काळा चष्मा चढवला! फोटोला कधी दहा जण एकदम आले नव्हते हो!"

"अरे!" सासरे कपाळावर हात मारून म्हणाले. "हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका… माझा लग्नातला फोटो यानंच काढला होता! त्यात माझे डोळे मिटलेले आलेत!"

"तेव्हापासूनच, पप्पा," मुलगी म्हणाली.

दारवालीनं दाराला एक बोट लावलं आणि बाजूला सरकवलं. दार अलगद भिंतीत गेलं. सरकतं दार होतं ते. आत बाबा उभे, चिंब भिजलेले, कपाळावर टेंगूळ, दाढीतून पाणी गळतंय.

"हे पण चुकीचंच दार आहे, काका," दारवाली सासऱ्यांना म्हणाली. "सरकवायच्या दाराला असलं हँडल कुणी लावतं? यात बाबांचं पाप नाही. पैलवानाचंही नव्हतं. मी तीन वर्षं हेच बघतेय. वस्तू फसवी असते आणि माणूस स्वतःला बावळट समजतो. नळ उलटा फिरला, मीच वेंधळा. बटण सापडलं नाही, माझंच लक्ष नसतं. लोक इतक्या पटकन स्वतःवर दोष घेतात, की त्याला पाप म्हणणारा कुणी भेटला की संपलंच. बाबांनी नवीन काही केलं नाही. तयार दोष उचलला, त्याला नाव दिलं, आणि माफी द्यायला स्वतः आत बसले."

सगळी वरात स्टुडिओकडं निघाली, भिजलेले बाबा पुढं, खाली थांबलेला पैलवान स्कूटर ढकलत मागं. दारवालीनं रांगेसमोर हँडल काढलं आणि तिथं एक साधी सपाट पट्टी ठोकली. मग एकेकाला बोलावलं. लहान, थोर, लुच्चा, सज्जन, सगळे हात लावून आत गेले. कंत्राटदार तर चारदा आत-बाहेर करून आला. म्हणाला, "मोकळं वाटतंय."

काही भक्त चिडले. बाबांवर नाही, दारवालीवर. "चांगलं चाललं होतं," एकजण म्हणाला. "आता आम्ही पापी आहोत की नाही, हे कळणार कसं?"

"ज्यांचे कुकर नेलेत त्यांना विचारा," ती म्हणाली. कुकरवाला तोवर निघून गेला होता.

राहता राहिले सासरे. नवा चष्मा सारखा करत त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण मग आता हा मुलगा चांगला की वाईट, हे मी ठरवायचं कसं?"

"तुम्ही कशाला ठरवताय?" मुलगी म्हणाली. "मी वर्षभर बोलतेय त्याच्याशी. भांडलेय, रुसलेय, त्याला आजारी असताना बघितलंय. माणूस कळायला एवढं पुरतं. नाही पुरलं तर आणखी वर्षभर बोलेन. ए पैलवान, चल, अंगठी दे इकडं, मीच घालते तुझ्या बोटात."

गोंधळात परत द्यायची राहिलेली अंगठी माझ्या बहिणीनं पैलवानाला दिली, त्यानं ती पुढं केली. घाईत ती हातातून सुटून गटारात पडली आणि ती काढायला दोघंही गुडघ्यावर बसले. पण ते सोडा.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादं दार अडत असेल. तेव्हा घाबरू नका, आणि कुठं कोणता जीव दुखावला ते आठवत बसू नका. आधी बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते बघा. ढकलून बघा, ओढून बघा, सरकवून बघा. तरी नाही जमलं तर सुताराला बोलवा. आणि सुतारालाही उघडलं नाही, तर फार तर एवढंच समजा की कुलूप लागलंय.