पाठीवरचा पांढरा पंजा

माझ्या नवऱ्याच्या, मर्व्हच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली पांढरा डाग उठला, तेव्हा मला तो गोठ्यातला चुना वाटला. घासला तरी जाईना. बोटं फाकलेल्या पंज्यासारखा होता. त्याचा मोठा भाऊ कीथ दूध काढताना त्याला नेमकी तिथेच थाप मारायचा.

कीथला जाऊन दोन वर्षं झाली. इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या एथर्टनच्या उन्हात दोघांनी जन्मभर उघड्या पाठीने गवत कापलं, आणि दोघांनाही कातडीचा कॅन्सर झाला. औषधही एकच, इम्युनोथेरपी, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. नर्स ब्रॉनी म्हणाली, असे डाग उठणं बरेचदा औषध लागू पडल्याचं चांगलं लक्षण असतं. कीथच्या कातडीवर मरेपर्यंत असा एकही डाग उठला नव्हता. मर्व्हने मनात धरलं, हा कीथचाच हात, आपल्याला राखतोय. गोठ्याच्या दारात तो मागच्याला वाट द्यावी तसा थांबू लागला. पुढे पुढे मीही थांबायला लागले.

मग खाज आली, मागोमाग फोड. हेही चांगलंच, असं त्याने परस्पर ठरवलं. डॉक्टर औषध थांबवतील म्हणून गायींच्या सडांचं मलम चोपडायचा आणि वर लांब बाह्यांचा शर्ट. ब्रॉनीने विचारलं की म्हणायचा, ठणठणीत. आणि मी मूर्ख बाई शेजारी बसून मान डोलवायचे. आमच्याकडे कुरकुर करणाऱ्याला कुणी माणसात धरत नाही.

एका सकाळी चादर झटकायला गेले, तर तिला कातडीचे पापुद्रे चिकटलेले. तोंडातही फोड, चहा गिळवेना. मी त्याला गाडीत घातलं आणि ब्रॉनीसमोर त्याच्या बाह्या वर सारल्या. त्याला तिथेच ठेवून घेतलं, औषध कायमचं बंद केलं. आणखी आठवडाभर लपवलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दवाखान्यातून सोडल्यावर घरी परतताना तो एवढंच बोलला, "कीथचा हात सोडवलास तू, नोएलीन."

मला रडू नाही आलं, राग आला. "तो गेलाय, मर्व्ह. तू माझा आहेस."

फोड गेले, डाग राहिला. आरशात त्याला तिथवर दिसत नाही. रोज गोठ्यातून आला की तो शर्ट काढून पाठ माझ्याकडे करतो आणि विचारतो, डाग आहे ना. मी म्हणते, आहे.

गेल्या सोमवारी करंगळीच्या जागी तपकिरी रंग परत आलेला दिसला. आज अंगठाही गेला होता.

"आहे ना अजून?" मर्व्हने विचारलं.

मी त्या जागेवर माझा हात ठेवला. "आहे," म्हणाले.