दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

कुंकवाचा कण सुमारे तीस मायक्रॉनचा होता. रेकॉर्डची खोबण त्याहून थोडीच रुंद, त्यामुळे तो दोन्ही भिंतींना टेकून अगदी बेतानं आत बसला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो लाल नव्हे, विटकरी दिसत होता. मालिनीनं फोकसचं चाक किंचित फिरवलं, कणाच्या कडा स्पष्ट झाल्या आणि तिचे कान गरम झाले. हे कुंकू तिनंच वाहिलं होतं.

मालिनी चौदा वर्षं कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत सिलिकॉनच्या चकत्यांवरची धूळ शोधायचं काम करत होती. कामाच्या खोलीत पावडर चालत नसे, काजळ चालत नसे, कुंकू तर नाहीच. रोज सकाळी पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या आरशात बघून ती कपाळ पुसायची आणि संध्याकाळी तिथंच बसून पुन्हा लावायची. एवढ्याशा कणानं काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरीही गेल्या दसऱ्याला मुलीची, विनीताची, नवी रेकॉर्ड घरी आली, तेव्हा तिनं ती कव्हरमधून काढून नवऱ्याच्या, नरेंद्रच्या, पाने-पकडींशेजारी पाटावर ठेवली आणि हळद-कुंकू वाहिलं. नेम मधल्या कागदी लेबलावर धरला होता. थोडं बाजूला सांडलं. तिनं फुंकर मारली आणि रेकॉर्ड पुन्हा कव्हरमध्ये सारली.

"काय सापडलं?" विनीतानं विचारलं. ती आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"कुंकू."

"आई! सीरियसली?"

"दसऱ्याचं."

विनीता ही मालिनी आणि नरेंद्रची एकुलती एक मुलगी. वय पंचवीस, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि उरलेला सगळा वेळ 'द स्पेअर कीज' नावाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य. बँड वाजवायचा ते स्का. हे संगीत मूळ जमैकातलं. वीस वर्षांनी इंग्लंडमधल्या पोरांनी ते पुन्हा बाहेर काढलं आणि आता कॅलिफोर्नियातल्या या सहा जणांनी उचललं. त्यात ठोका अपेक्षेच्या जागी पडत नाही, मधल्या मोकळ्या जागेत पडतो, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जातात. महाराष्ट्र मंडळात पद्मिनीकाकूंनी एकदा विनीताला विचारलं होतं, "लग्नाच्या वरातीत असतो, तसला बँड का गं?" विनीता म्हणाली होती, "ऑलमोस्ट, काकू. फक्त घोडा नाही."

पहिली रेकॉर्ड हातोहात गेली. दुसरी विनीतानं वेगळी केली. गाणी संथ होती, आणि दुसऱ्या बाजूला शेवटी चार मिनिटं जवळजवळ एकटा ट्रॉम्बोन. कॉलेजच्या रेडिओनं ती दोनदा लावली. एका साप्ताहिकानं चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन पहिल्या रेकॉर्डबद्दल होत्या. शेवटचं गाणं सुरू झालं की नाचणारे लोक बिअर आणायला जात. न खपलेली खोकी याच घराच्या गॅरेजमध्ये आली.

फेब्रुवारीत ड्रमर कर्टिसनं विचारलं, तिसरी रेकॉर्ड करायची की बँड बंद करायचा? त्याच आठवड्यात विनीताच्या कंपनीनं तिला बढती देऊ केली, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलजवळ. विनीतानं दोघांनाही 'थोडा वेळ द्या' असं सांगितलं. आता जून उजाडला होता. स्टुडिओनं राखून ठेवलेल्या तारखा आज, रविवारी, पाचपर्यंतच राहणार होत्या, आणि उद्या सकाळी कंपनीला उत्तर हवं होतं.

ती जेवायला आली होती आणि जाताना खोकी घेऊन जाणार होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "एकदा ऐकते. मग जाऊ दे." घरातल्या रेकॉर्डवरचं फक्त शेवटचं गाणं तिनं लावलं, आणि त्यात सुई एकाच खोबणीत अडकून टिक्, टिक्, असा आवाज येऊ लागला. मालिनीनं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. दर एक पूर्णांक आठ सेकंदाला एक. म्हणजे तबकडीच्या एका फेऱ्याला एक. असा खुलासा न झालेला आवाज मालिनीला सहन होत नसे. कंपनीनं मोडीत काढलेला जुना सूक्ष्मदर्शक तिनं कपाटातून काढून डायनिंग टेबलावर मांडला.

आता कारण मिळालं होतं. पण ती उठली नाही. तिनं रेकॉर्ड हळूच सरकवली, पुन्हा सरकवली, आणि बराच वेळ बघत राहिली.

"आता काय?"

"हे बघ. हे शेवटच्याच्या आधीचं गाणं. इथं कण जसे पडले तसेच आहेत, मोकळे. यावरून सुई गेलेलीच नाही."

"थँक्स. हाऊ चीअरफुल."

"ऐक ना. हे शेवटचं गाणं. आज तू ते एकदा लावलंस. एका वेळेनं हे होत नाही. तो मघाचा एक कण कव्हरमधून मागाहून पडला असणार; तो सोडला तर इथं सगळ्याचं पीठ झालंय आणि भिंतींना लिंपलं गेलंय." तिनं फोकसचं चाक पुन्हा फिरवलं. "आणि दोन गाण्यांच्या मधे जी मोकळी पट्टी आहे, तिच्यावर ओरखडे आहेत. सुई हातानं तिथंच ठेवल्याचे. मी चाळीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं."

"तू लावत होतीस?"

"मी दिवसभर कामावर असते."

दोघींनी एकदमच दिवाणखान्याकडे बघितलं.

नरेंद्र पेपर वाचत होता. म्हणजे पेपर त्याच्यासमोर होता. गेल्या वर्षी चिपच्या धंद्यात मंदी आली आणि एकोणीस वर्षांची त्याची नोकरी गेली. आता आठवड्यातून दोन दिवस काम मिळे, बाकीचे दिवस तो घरी एकटा. मॉरिसव्हिलच्या बढतीची बातमी त्यानंच सगळ्या ओळखीत सांगितली होती. बँडबद्दल मात्र त्याचं एकच वाक्य असायचं, 'छंद म्हणून ठीक आहे.'

"अहो," मालिनी म्हणाली, "रेकॉर्ड कोण लावतं?"

"कुठली?" पेपर खाली आला नाही.

"बाबा."

"प्लेअर मधूनमधून चालवावा लागतो. बेल्ट कडक होतो."

"चाळीस वेळा?"

पेपर खाली आला. नरेंद्रनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला.

"तुझा तो ड्रमर," तो म्हणाला, "दुसऱ्या मिनिटानंतर घाई करतो."

विनीतानं कपाळावर हात मारला. "मी सहा महिने कर्टिसला तेच सांगतेय! तो म्हणतो, इट्स इन युअर हेड."

"डोक्यात कसलं? मी घड्याळ लावून बघितलंय." नरेंद्रनं चष्मा चढवला. "आणि त्या लांबलचक सुराच्या आधी तू श्वास घेतेस. ऐकू येतो. पहिल्यांदा वाटलं, ही चूक राहून गेली."

"कर्टिसला तो काढून टाकायचा होता."

"नाही, नाही. तो असू दे." तो खिडकीबाहेर बघत बोलला. "दुपारी घर अगदी गप्प असतं. तेवढा श्वास आला की बरं वाटायचं. पुढचं वाजवणं चांगलंच आहे, पण मी त्या श्वासासाठी लावायचो."

मालिनीला वाटलं, आता ही विचारेल, मग मी काय करू? आणि विनीतानं विचारलंच.

"मग बाबा, तुम्हीच सांगा. जाऊ की नको?"

"जा," नरेंद्र लगेच म्हणाला. "मला विचारशील तर जा. नोकरी गेली की काय होतं ते तू बघतेयस. माझं मत बदललेलं नाही. रेकॉर्ड आवडते, ही गोष्ट निराळी."

"आई?"

मालिनीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. तिच्या मनात उत्तर होतं, पण मुलीचा निर्णय आईच्या तोंडून यावा, हे तिला पटत नव्हतं. "मी फक्त दिसलं ते सांगू शकते," ती म्हणाली. "एका माणसानं एक गाणं पुन:पुन्हा ऐकलं. एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही."

"शून्यापेक्षा एक जास्त आहे."

"ते आहे."

विनीता हसली, मग तिचे डोळे भरून आले. तिनं रेकॉर्ड उचलून दिव्यासमोर तिरकी धरली. नुसत्या डोळ्यांना कुंकू कुठंच दिसत नव्हतं.

"मी हे साबणाच्या पाण्यानं साफ करून देते," मालिनी म्हणाली.

"नको गं. राहू दे."

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा स्वयंपाकघरातला फोन वाजला. विनीतानं तो तिसऱ्या घंटेला उचलला. पलीकडून कर्टिस बराच वेळ बोलत राहिला, आणि ती बोटाला वायर गुंडाळत ऐकत राहिली. नरेंद्र पेपर हातात घेऊन दारापर्यंत आला. मालिनीनं नळ बंद केला.

मग विनीतानं श्वास घेतला. दोघांनाही तो ऐकू आला. ती इंग्रजीत बोलली, पण घरातल्या प्रत्येकाला शब्द न् शब्द कळावा इतकं सावकाश.

"कर्टिस, मी मॉरिसव्हिलला जात नाहीये. स्टुडिओला हो म्हणून सांग."