दिसतंय, मॅडम!

मी ठोकळा बोलतोय. हसू नका. वर्गातल्या मंद मुलाला म्हणतात तो नव्हे. खराखुरा ठोकळा आहे मी, लिबलिबीत जेलचा, विटेएवढा. इस्पितळाच्या तातडीच्या विभागामागे शिकवणीची खोली आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम.

मला मॅडमनी घडवलं. त्या विभागाच्या मुख्य डॉक्टर. शेगडीवर पातेल्यात जेल वितळवलं, नस म्हणून त्यात दोरीचा तुकडा सोडला आणि मला डब्यात थिजवलं. शिकाऊ डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब माझ्या पाठीवर टेकवतात, स्क्रीनकडे बघत सुई खुपसतात आणि दोरीशेजारी पाणी सोडतात. शेजारी हं, दोरीत नाही! माणसाचा हात बधिर करायचा तर औषध नसेभोवती पसरायला हवं. सुईचं टोक नसेत घुसलं तर नस कायमची जायची. म्हणून मॅडमचा एकच प्रश्न, "टोक दिसतंय?"

आणि सगळ्यांचं एकच उत्तर, "दिसतंय, मॅडम." खरं सांगू? निम्म्यांना दिसत नसायचं. पण चारचौघांत "नाही दिसत" म्हणायला जीभ रेटते कुठे!

सुई काढली की माझ्यात भोक उरतं. त्यात हवा शिरते आणि स्क्रीनवर ती हुबेहूब सुईसारखी पांढरी रेघ दिसते. म्हणून मॅडम दर शनिवारी मला वितळवून पुन्हा थिजवायच्या. मग विभागात गर्दी वाढली, माणसं कमी झाली, मॅडमना दम खायला फुरसत मिळेना. चार महिने मला कुणी पातेलं दाखवलं नाही. माझी पार चाळण झाली.

त्यात ती आली. हाताची चपळ, म्हणून सगळे तिला बिजली म्हणायचे. पहिल्याच फटक्यात दोरीपाशी पोचली. "वा गं बिजली!" टाळ्या पडल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची सुई जुन्याच भोकातून घसरत गेली होती, आणि ती बघत होती ती रेघ दुसऱ्याच कुणाच्या भोकाची होती. पण मला तोंड कुठलं! दुखतही नाही मला. दुखलं असतं तर निदान ओरडलो असतो.

पुढे एका मंगळवारी दुपारी एक शिंपीकाका आले. दुकानाच्या शटरखाली बोटं चेचली होती. टाके घालण्याआधी बिजलीने त्यांचा हात बधिर केला. दुसऱ्या दिवशीही बोटं जागी होईनात, तेव्हा बिजली माझ्या टेबलापाशी मॅडमसमोर रडली.

"तुम्ही पडद्यापलीकडून विचारलंत, टोक दिसतंय? मी म्हटलं, दिसतंय. मला रेघ दिसत होती, मॅडम. काका ओरडले, आई गं, बोटांत करंट गेला! मला वाटलं घाबरलेत. मी औषध सोडलं."

मॅडमनी प्रोब माझ्यावर टेकवला. सुई नाही, तरी स्क्रीनभर रेघाच रेघा.

"तुला सुईची कंबर दिसली, टोक पुढे गेलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी तुला या चाळणीवर पास केलं."

दोघींनी काकांना सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. जखम भरली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र बधिरच राहिली. तेव्हापासून बिजलीच मला वितळवते, दर शनिवारी, न चुकता.

गेल्या शनिवारी मी नुकताच डब्यात उतरलो होतो, वर जेमतेम साय धरलेली, चांगला कढत. काका तपासणीला आले होते, ते बिजलीला शोधत आत आले. "हाच का तो?" म्हणाले, आणि कापडाचा पोत बघावा तशी ती तीन बोटं माझ्यावर टेकवली. टेकवली ती तशीच ठेवली.

"गुळगुळीत आहे का गं?"

"काका, हात काढा!" बिजली किंचाळली. बोटं लालबुंद झाली होती. काका त्यांच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. "भाजलं होय?" एवढंच म्हणाले.

सोमवारी नवी तुकडी आली. बिजलीने प्रोब टेकवला, नजरा स्क्रीनवर खिळल्या. "टोक दिसतंय?" तिने विचारलं.

"दिसतंय!" सगळे एका सुरात. सुई अजून तिच्या खिशातच होती.

पोरांनो, मला हवं तितकं टोचा, हवं तितकं चुका. फक्त दिसत नसेल तर "नाही दिसत" म्हणा. मी शनिवारी वितळून पुन्हा कोरा होतो. काकांनी शिलाई मशीन विकायला काढलंय.