दहा वाजताची मासेमारी

डोमाने जाळं मुद्दाम पलीकडच्या कोपऱ्यात फेकलं. रोहू तिथे नव्हता. तो नेहमीसारखा पायरीशी येऊन डोमाच्या घोट्याला तोंड घासत होता.

मोहर्लीजवळच्या त्या रिसॉर्टने एक तळं खोदलं होतं. सफारीहून परतलेल्या पाहुण्यांना रोज दहा वाजता तिथे ‘पारंपरिक मासेमारी’ दाखवली जाई. डोमा मासा धरायचा, पाहुणे फोटो काढायचे, डोमा मासा परत सोडायचा. सुरुवातीला अकरा रोहू होते. दहा पहिल्याच उन्हाळ्यात मेले आणि नवे आणायचा प्रस्ताव मुंबईच्या ऑफिसात पडून होता. त्यामुळे दीड वर्ष डोमा एकच मासा धरत होता. गावचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेल्यापासून त्याला दुसरा धरायला मिळतही नव्हता.

डोमाच्या डब्यातला भात खाऊन रोहू माणसाळला. आता जाळं पडलं की तो आपणहून आत येऊन बसे. एका पाहुण्याने इंटरनेटवर तक्रार लिहिली, मासा ओळखीतला वाटतो. म्हणून आज मुंबईहून मॅडम आल्या होत्या, डोमाला नोकरीत पक्कं करायचं की काढायचं ते ठरवायला. मॅनेजर मिथुनने त्याला सकाळीच बाजूला घेतलं होतं.

“डोमाभाऊ, आज जरा मेहनत दिसली पाह्यजे.”

“मी तं दाखवीन साहेब. त्याले कोण सांगन?”

तीनदा जाळं फेकलं, तीनदा शेवाळ आलं. चौथ्यांदा डोमाने हात उचलला तेव्हा एकही फोन त्याच्याकडे रोखलेला नव्हता. मॅडम पायरीवर बसून रोहूला बिस्कीट भरवत होत्या.

दुपारी मिथुनने निर्णय सांगितला. उद्यापासून दहा वाजता पाहुणेच माशाला खाऊ घालतील. मॅडमनी त्याचा दोन वेळचा खुराक मंजूर केला होता. जाळं जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर शोभेल, असंही त्या म्हणाल्या होत्या. डोमाने आपल्याबद्दल विचारलं, तेव्हा मिथुन जाळ्याची घडी घालू लागला.

डोमाने फोनवर हे बायकोला, प्रेमिलाला सांगितलं.

“मंग येतानी त्याले घेऊन या,” ती म्हणाली.

निघताना डोमा पायरी उतरला. आजूबाजूला कोणी नव्हतं. रोहू आला. डोमाने दोन्ही हात पाण्यात घालून त्याला वर उचललं. रोहू तडफडला नाही. फोटो होईपर्यंत थांबायची त्याला सवय होती.

घरी प्रेमिलाने मसाला वाटून ठेवला होता. तिने पिशवीत हात घातला. आतून डबा निघाला.

“तो कुठी हाये?”

डोमाने पायांवर पाणी घेतलं.

“त्याले कसा आणू? तो नोकरीवर हाये.”

प्रेमिलाने मसाल्यावर ताटली झाकली.

“पक्का?”

“पक्का,” डोमा म्हणाला.